आखूड नखांनाच कानस जास्त लागते

ताई, तुमचं म्हणणं असं की, तासगावकडं द्राक्षबागेत राबणाऱ्या बायकांना नखांचे लाड करायला वेळ नसतो. नेलकटरनं कापायचं, त्याच्याच कानशीवर पुढं-मागं दोनदा घासायचं, झालं. 'एकाच दिशेनं घासा' ही पार्लरवाल्यांची फॅडं. चिडून लिहिलंय, पण मुद्द्याचं लिहिलंय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

नखं वाढवा असं मी कुठंच म्हटलेलं नाही. कामाच्या हाताला आखूड नखच बरं, आणि घासायची गरज त्यालाच जास्त. नेलकटर नखाला दोन्हीकडून दाबून तोडतो, त्यामुळं कडेला बारीक टोकं राहतात. विरळणीच्या दिवसांत, म्हणजे घडातले जादा मणी काढताना, तेच टोक द्राक्षाच्या मण्याला लागतं, घरी आल्यावर ओढणीच्या धाग्यात अडकतं, आणि मग नख फाटतं. तेही बहुतेक आडवंच! नखाच्या मधल्या थरातले केराटिनचे तंतू आडवे असतात, त्यामुळं चीर मुळाकडं न जाता बाजूला पळते. हे आपल्या भल्याचंच आहे, पण कड गुळगुळीत असेल तर चीर पडायचं निमित्तच उरत नाही.

आता ती कानस. नेलकटरवर असते ती नुसती खाचा पाडलेली पट्टी, भलतीच खरखरीत. तिच्यावर पुढं-मागं ओढलं की नखाचे पापुद्रे सुटतात, आणि मग हळद-मसाला त्यातच जाऊन बसतो. तीच वापरायची तर बाजूकडून मध्याकडं, एकाच दिशेनं, हलक्या हातानं. १८० किंवा २४० ग्रिटची साधी नेलफाइल असेल (ग्रिट म्हणजे खरखरीतपणाचा आकडा, मोठा तितकी फाइल बारीक), किंवा काचेची असेल, तर मात्र दिशेचा एवढा बाऊ मीही करत नाही. तेवढ्यापुरतं तुमचं खरं.

पण एका गोष्टीवर मी हटणार नाही: भांडी-धुणं झाल्या झाल्या घासू नका. नख पाणी शोषून मऊ पडतं आणि तेव्हा घासलं की थर उचकटतात. हात पुसून पुरते कोरडे होऊ द्या. रात्री टीव्हीसमोर बसून घासलं तरी चालतं. तिन्हीसांजेला नखं कापू नका म्हणणाऱ्या आमच्या सासूबाईंनीही घासण्यावर अजून बंदी घातलेली नाही!

कोपरे खोल कोरू नका, तिथंच नख कमकुवत होतं आणि कधी मांसात शिरून नखुरडं होतं. शेवटी फाइल वरून खाली एकदा अलगद फिरवली की कडेला लोंबणारा भुसा निघून जातो. झालं की नाही ते बघायला नायलॉनच्या ओढणीवरून बोट फिरवा, धागा ओढला गेला तर अजून बाकी आहे.

आणि बागेतल्या सगळ्या जणींत मिळून एकच फाइल नको. कागदी असेल तर प्रत्येकीची वेगळी. काचेची असेल तर साबणानं धुता येते, तरीही ती आपली आपल्यापाशीच ठेवा. कुणाचं नख पिवळं, जाड होऊन भुगा पडत असेल, तर ते घासत बसण्यापेक्षा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायला सांगा.