स्मरणिकेसाठी चर्चचा इतिहास कसा लिहावा

धर्मग्रामाचा महोत्सव तोंडावर आला आहे. मंडपवाला ठरला, बँड ठरला, केटररशी घासाघीस झाली आणि स्मरणिकेतला 'आपल्या चर्चचा इतिहास' हा लेख तुमच्या गळ्यात पडला. अभिनंदन! घाबरू नका. वसईपासून गोव्यापर्यंत असे लेख पिढ्यानपिढ्या लिहिले गेले आहेत आणि ते वाचून आजवर कुणाची झोप उडाल्याचं ऐकिवात नाही. लागलीच तर लागली असेल.

सुरुवात १५३४ पासून करा. गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. त्याला लागूनच 'येथे सुवार्तेचे बीज रुजले' हे वाक्य टाका. बीज रुजतं ते आपोआप. पेरलं कुणी, जमीन कुणाची, तिथे आधी काय उगवत होतं, असल्या चौकशा स्मरणिकेत शोभत नाहीत. पुढची दोनशे वर्षं याच चालीवर काढा: चर्चेस उभी राहिली, लोक श्रद्धेकडे वळले, जुन्या प्रथा मागे पडल्या.

१७३९ आलं की मात्र कर्ता पाहिजे. तिथे चिमाजी अप्पांचं नाव, मे महिना, वेढा, सुरुंग, सगळं सविस्तर येऊ द्या. घंटांना तर स्वतंत्र परिच्छेद द्या. वसईच्या स्वारीतली एक घंटा भीमाशंकरला आहे, एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात. दोन्हींचे फोटो छापा, जमलं तर रंगीत. आपलं काय गेलं याची नोंद काटेकोर असायला हवी. बोरिवलीच्या मंडपेश्वराचा उल्लेख टाळता आला तर उत्तम. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी तिथल्या शिवलेण्यात चर्च थाटलं आणि वरच्या कातळावर कॉलेज बांधलं. टाळता आलाच नाही, तर 'निसर्गरम्य परिसर' एवढं पुरे.

गोव्यात भूगोल तुमच्या मदतीला येईल. कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा असे एकेक देव घर सोडून फोंड्याच्या बाजूला गेले, कारण तिथे तेव्हा पोर्तुगिजांचं राज्य नव्हतं. यासाठी 'स्थलांतर' हा शब्द वापरा. वाचणाऱ्याला वाटावं, देवांची बदली झाली.

आता संत फ्रान्सिस झेवियर. गोंयचो सायब. हे पान सोपं आहे. १५४२ साली ते गोव्यात आले, हातात घंटा घेऊन गल्लोगल्ली फिरले, पोरं गोळा करून प्रार्थना शिकवल्या. हे सगळं खरं आहे, बिनधास्त लिहा. अडचण एका पत्राची आहे. मे १५४६ मध्ये आजच्या इंडोनेशियातल्या आंबोइना बेटावरून त्यांनी पोर्तुगालच्या राजाला लिहिलं की इकडे इन्क्विझिशनची, म्हणजे श्रद्धेबाहेर वागणाऱ्यांना शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाची, गरज आहे. ते नीट वाचलं तर कळतं की तक्रार हिंदूंबद्दल नव्हती. बाप्तिस्मा घेऊनही जुन्या धर्मानं राहणाऱ्या पोर्तुगीज वसाहतीतल्या लोकांबद्दल होती. म्हणजे पूर्ण सांगितलं तर संतांवरचे निम्मे आरोप आपोआप गळून पडतील. पण पूर्ण सांगायचं तर उरलेला निम्माही सांगावा लागतो. त्यापेक्षा वजाबाकी करा. संत वारले १५५२ मध्ये, इन्क्विझिशन आलं १५६० मध्ये, मध्ये आठ वर्षं. संबंध येतोच कुठे?

इन्क्विझिशन १५६० पासून १८१२ पर्यंत चाललं. मध्ये १७७४ ते १७७८ एवढी सुट्टी. बाकी अडीचशे वर्षं तुम्हाला एका उडीत पार करायची आहेत. पाय टेकवायला दगड हवा असेल तर फादर स्टीफन्स आहेत. इंग्लंडमधून आलेला जेझुइट, म्हणजे येशूसंघाचा धर्मगुरू, १६१६ साली ख्रिस्तपुराण छापतो, अकरा हजारांच्या आसपास मराठी ओव्या. 'भासा मराठी' असलेली ओवी मुखपृष्ठाच्या आत ठळक छापा. ती न छापता निघालेली स्मरणिका निदान मी तरी पाहिलेली नाही. फक्त एवढंच करा, की स्टीफन्सना १५८३ मध्ये कुंकळ्ळीला नेऊ नका. तिथे गावकऱ्यांनी पाच जेझुइट मारले, आणि त्यांचे मृतदेह परत मिळवायला गेले ते हेच स्टीफन्स. इथवर हुतात्म्यांची गोष्ट म्हणून चालेल, त्या पाचांना १८९३ मध्ये धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषितही केलं आहे. पण वाचक पुढे विचारेल, गावाचं काय झालं? मग सांगावं लागेल की गावच्या प्रमुखांना पोर्तुगिजांनी बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि चौकशीविना ठार केलं. गावकरी का चिडले होते, हेही सांगावं लागेल. त्यांची देवळं पाडली होती. एका दुव्यातून किती भानगडी निघतात बघा. ओवी छापा आणि पुढे चला.

एक गोष्ट तर अजिबात फुटू देऊ नका. इन्क्विझिशनचा अधिकार मुळात चालायचा तो बाप्तिस्मा झालेल्यांवर. म्हणजे त्या कोठड्यांमध्ये बसलेली माणसं बरीचशी आपलीच होती. आधी पोर्तुगालहून आलेले ज्यू वंशाचे नवख्रिस्ती, आणि मग इथल्या धर्मांतरितांची लेकरं. १७३६ च्या हुकूमनाम्यात अंगणातली तुळस, लग्नातली गाणी, पानसुपारी, मीठ न घालता शिजवलेला भात, यांवर बंदी आहे. हे सगळं करणाऱ्या बायका कोण होत्या? तुमच्याआमच्या पणज्यांच्या पणज्या. रविवारी मिस्सा ऐकून घरी यायच्या आणि आईनं शिकवला तसा भात लावायच्या. स्मरणिकेत हे आलं तर लोकांच्या लक्षात येईल की आपण ज्यांचा इतिहास दडवतो आहोत ते 'ते' नसून आपण आहोत. मग मंडपातल्या नाचाची मजा राहत नाही.

गार्सिया द ऑर्ताला तर चुकूनही आत घेऊ नका. मोठा वैद्य, मुंबई बेट भाडेपट्ट्यानं ज्याच्याकडे होतं तो. १५६८ मध्ये वारला. पुढच्या वर्षी ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून त्याच्या बहिणीला जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. कुणी विचारलंच, तर 'तो काळच तसा होता' हे उत्तर आहे. मात्र हे उत्तर जपून वापरा. चिमाजी अप्पांच्या परिच्छेदात ते चालत नाही.

धर्मशिक्षणाच्या वर्गात थोडी जास्त काळजी घ्या. तिथे आपण मुलांना पापनिवेदन शिकवतो. कोणतं पाप, किती वेळा, कुणाविरुद्ध, सगळं स्पष्ट सांगायचं. 'माझ्याकडून काही गोष्टी घडून गेल्या' असं म्हणणाऱ्या पोराला फादर परत गुडघ्यावर बसवतात. त्याच वर्गात एखादी आठवीतली मुलगी विचारते, 'सिस्टर, इन्क्विझिशन म्हणजे काय?' लगेच गाणं सुरू करा.

ती घरी जाऊन मोबाइल उघडेल. तिथे तिला फॉरवर्ड मिळेल, त्यात मेलेल्यांचा आकडा लाखांत असेल. नोंदींवरून काढलेला हिशेब असा: १५६१ ते १७७४ मध्ये १६,००० वर खटले, निदान ५७ जणांना मृत्युदंड, आणखी ६४ जणांचे पुतळे जाळले. हा आकडा लाज वाटायला पुरेसा आहे आणि लाखाचं खोटं पाडायलाही. पण तो तिला कुणी सांगितलेला नाही. त्यामुळे आपण सांगितलेलं शून्य आणि फॉरवर्डनं सांगितलेले लाख, यातलं कुठलं खरं ते तिनं ठरवायचं. इन्क्विझिशनचे बरेचसे कागद नष्ट झाले. १६२३ पर्यंतच्या खटल्यांची एक सूची लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. तिथवर आठवीची मुलगी जात नाही, हे आपलं भाग्य.

'आत्ताची वेळ योग्य नाही' हे कारण शेवटपर्यंत राखून ठेवा. ते सगळ्यांत दणकट आहे, कारण त्यात तथ्य आहे. चर्चवर दगड पडतात, धर्मांतरबंदीचे कायदे येतात, आणि आपण कबूल केलेलं एक वाक्य कापून कुणीही भाषणात वापरू शकतो. ही भीती खोटी नाही. तिला हसावं असं मलाही वाटत नाही. फक्त एक आहे, की ती आजच्याइतकी नसताना, म्हणजे १९५० मध्ये किंवा १९७० मध्येही स्मरणिका अशाच निघत होत्या.

रोमपासूनही सावध राहा. तिकडचे लोक अडचणीत आणतात. पोप तेराव्या लिओनं १८८१ मध्ये व्हॅटिकनची दप्तरं अभ्यासकांना उघडली आणि दोन वर्षांनी वर लिहून ठेवलं, की इतिहासाचा पहिला नियम म्हणजे खोटं बोलायला धजू नये, आणि दुसरा म्हणजे खरं बोलायला कचरू नये. वाक्य मूळ प्राचीन रोमन वक्ता सिसेरोचं, पण सही पोपची. दुसऱ्या जॉन पॉलनी १९९२ मध्ये गॅलिलिओचं प्रकरण मिटवलं आणि १२ मार्च २००० रोजी भर मिस्सेत चर्चच्या लेकरांच्या अपराधांबद्दल देवाकडे क्षमा मागितली. सत्याची सेवा करताना झालेल्या असहिष्णुतेची आणि हिंसेची क्षमा त्यात होती. एवढ्यानं चर्च कोसळलं नाही, हे वाचकाला सांगू नका. 'पोप हे नम्रतेचे प्रतीक' असा मथळा देऊन फोटो टाका, मजकूर नको.

आता पानं जुळवा. अडीचशे वर्षं गाळल्यामुळे दीड पान मोकळं राहील. तिथे नव्या घंटामनोऱ्याच्या देणगीदारांची यादी लावा. ती मात्र तीनदा तपासा, नाव, गाव आणि रक्कम रुपयापर्यंत. एखाद्याच्या आजोबांचं नाव राहिलं, तर लोक मिस्सा संपायची वाट पाहत नाहीत, तिथेच भांडायला उभे राहतात.