परकीय पैसा शिरोलीपर्यंत पोचतो का?

दावोसच्या जागतिक परिषदेत राज्याचे परकीय गुंतवणुकीचे करार झाले की पेपरात लाखो कोटींचे आकडे येतात आणि आपण खूश होतो. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप चालवणाऱ्या माझ्यासारख्याला त्यापुढचं विचारावंसं वाटतं. त्यातलं काम आपल्या फौंड्रीपर्यंत, म्हणजे धातू ओतून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांपर्यंत, किती येणार?

परकीय गुंतवणुकीला माझा विरोध नाही. १९८२ ला सुझुकीनं मारुतीत भागीदारी केली, १९९१ ला ३४ उद्योगांत ५१ टक्क्यांपर्यंत परकीय भांडवलाला थेट वाट मिळाली आणि पुढं पुण्याजवळ चाकणचं मोटार उद्योगाचं केंद्र उभं राहिलं. त्यातून आपल्याकडं पैशापेक्षा शिस्त जास्त आली. एके काळी कास्टिंगला (ओतीव भागाला) बारीक ब्लो होल, म्हणजे हवेचं छिद्र, निघालं तरी ‘चालतंय की’ म्हणून माल गाडीत चढायचा. आता भट्टीतला नमुना स्पेक्ट्रोवर (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर) तपासून कार्बन, सिलिकॉन बरोबर आल्याशिवाय ओतत नाहीत. कास्टिंगवर हिट नंबर, म्हणजे ते कुठल्या ओतणीतलं हे सांगणारा क्रमांक, असतो. एक नग परत आला तरी तो कुठल्या भट्टीचा, कुठल्या पाळीचा हे सापडतं. ही शिस्त आली म्हणूनच आपला माल परदेशात जाऊ शकतो.

पण भांडवलाला पाय असतात. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २००८ ला सुरू झाला आणि २०२० च्या डिसेंबरात तिथलं उत्पादन थांबलं. कंपनी जाते, पण तिच्यासाठी बनवलेले पॅटर्न (साचे बनवायचे नमुने), फिक्स्चर (काम धरायचे साचे) आणि बँकेचा हप्ता पुरवठादाराच्या गळ्यात राहतो. देशाचंही बघा. २०२४-२५ मध्ये साधारण ८१ अब्ज डॉलर एफडीआय (थेट परकीय गुंतवणूक) आली. परत गेलेला पैसा आणि आपल्या कंपन्यांनी बाहेर गुंतवलेला पैसा वजा केला, तर निव्वळ एक अब्जही उरली नाही. तो सगळा पैसा बुडाला असं मी म्हणत नाही, पण नुसत्या येणाऱ्या आकड्यावर नाचू नये.

जागतिकीकरणानं आपल्या हातातलं एक हत्यारही काढून घेतलं. १९९७ ला सरकारनं मोटार कंपन्यांना अट घातली होती: तीन वर्षांत ५० टक्के, पाच वर्षांत ७० टक्के सुटे भाग देशी हवेत. अमेरिका आणि युरोप जागतिक व्यापार संघटनेत गेले, २००१ ला निकाल आपल्या विरोधात लागला. तशी सक्ती आता करता येत नाही.

मग जे करता येतं ते तरी करा. छोट्या उद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्यायचं, असा कायदा २००६ पासून आहे. तो मोठ्या कंपन्यांना लावा, मग ती देशी असो की परदेशी. लहान फौंड्रीला परवडेल अशी सामाईक टेस्टिंग लॅब आणि टूलरूम (साचे, हत्यारं बनवायची कार्यशाळा) वाढवा. आणि पालकमंत्री पुढच्या वेळी कराराचा आकडा सांगतील तेव्हा, त्यातली किती खरेदी महाराष्ट्रातल्या लघुउद्योगांकडून होणार आहे, हे आपल्या उद्योजक संघटनांनी त्यांना तिथंच, सगळ्यांसमोर विचारावं.