‘कै.’ पातेलं

माझ्या स्वयंपाकघरात परवापासून एक कोरं करकरीत पातेलं आहे. त्याच्या काठाखाली ठसठशीत ‘कै.’ कोरलेलं आहे. पुढं नाव नाही.

गॅस ऐन रविवारी संपला, म्हणून मी २००० वॉटची इंडक्शन शेगडी आणली. तिच्यावर घरातलं जे भांडं ठेवावं त्याला ती टुंटुं करून नकार द्यायची. विकणारा फोनवर म्हणाला, "लोहचुंबक चिकटतंय का बघा, नाही चिकटलं तर चालणार नाही." आईच्या रुखवतातली सगळी भांडी नापास! आईच्या मते हा तिच्या माहेरचा अपमान होता, आणि एका अर्थी होताच. ते जुनं १८-८ चं स्टील, म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. त्याला लोहचुंबक सहसा चिकटत नाही, म्हणून तर तिच्या आईनं ते पारखून घेतलेलं. जे चिकटेल ते हलकं, असा तेव्हाचा कायदा.

मी फ्रिजवरची महाबळेश्वरची चुंबकवाली स्ट्रॉबेरी खिशात टाकली आणि आमच्या सोलापुरातल्या मधला मारुतीपाशी एका भांड्यांच्या दुकानात गेलो. बुडाला स्ट्रॉबेरी लाव, पडली की पातेलं बाजूला ठेव, असं चाललं होतं. शेजारी एक धोतरवाले मामा तांब्याचे एकवीस तांबे मांडून उभे होते. थोरल्या भावाच्या वर्षश्राद्धाला वाटायचे होते. पोरगा मशीननं एकेकावर नाव घालत होता.

"मालक, काय करलालाव?"

"चिकटतंय का बघतोय."

"हे तर चिकटलंय की."

"हो, म्हणून हेच घेतोय."

मामांनी हातातला तांब्या खाली ठेवला. माझ्याकडं पाहिलं, मग स्ट्रॉबेरीकडं पाहिलं. "अवो, चिकटलं म्हंजे लोखंड! न चिकटलेलं सोडून चिकटलेलं घेलालाव?" मग गिऱ्हाइकांकडं वळून, कीर्तनात दृष्टांत द्यावा तसं म्हणाले, "शिकलेली मानसं बघा."

दोन बायका हसल्या. मला तेव्हाच गप्प बसायला हवं होतं. पण शहाणपणा उफाळून आला. म्हटलं, "मामा, या शेगडीत जाळ नसतो. काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, ही शेगडी तिला वीस हजारांच्या वर नेते. त्यानं भांड्याच्या बुडातच वीज फिरते आणि भांडं आपसूक तापतं."

"वेटोळं कशाचं म्हणालाव?"

"तांब्याचं."

मामांनी तांब्या उचलून माझ्या नाकासमोर धरला. "मग ह्यो चालतो का तिच्यावर?"

"नाही चालत."

"सोता तांब्याची, अन् तांब्याला वळख देत नाही?"

यावर उत्तर आहे. तांब्यातून वीज इतकी सहज वाहते की या शेगडीवर ते धड तापत नाही. हे मला रात्री अंथरुणात आठवलं. दुकानात मी फक्त "तसं नसतं ते" म्हणालो आणि मामा जिंकले. नाव घालणारा पोरगासुद्धा मान वर करून हसत होता, हात मात्र चालूच. हसता हसता त्यानं पुढचं भांडं ओढलं ते माझं.

"आरं आरं, ते मालकाचं!" मामाच ओरडले. तोवर ‘कै.’ झालं होतं.

दुकानदार म्हणाला, नाव घातलेलं भांडं परत घेत नाही. मी म्हटलं, नाव कुठं आहे? तर म्हणाला, "मग पुढं टाकून देऊ का? फुकट." कुणाचं टाकणार? बिल पूर्ण लावलं, आणि घालणावळ घेतली नाही हे तीनदा ऐकवलं.

आता खरं सांगतो, राग त्या पोराचा नाहीच. शेगडी विकताना भांडी बदलावी लागतील हे कुणी आधी का सांगत नाही? प्लगसाठी वायरमन बोलवावा लागेल हेही नाही सांगितलं. ही बया पूर्ण जोरात नऊ अँपिअरच्या घरात ओढते आणि आमच्या ओट्यावरचा प्लग सहाचा. तो पहिल्याच दिवशी करपला. बटणं बघावीत तर डोसा आहे, चपाती आहे, सूपसुद्धा आहे. सोलापुरात विकता आणि भाकरीचं बटण नाही! आमचा लोखंडी तवा चुंबकाला चिकटतो, पण बूड खोलगट, काचेवर नुसता डुगडुगतो. शिवाय भाकरी जाळावर धरल्याशिवाय फुगेल कशी? भिजल्या बोटानं बटण दाबलं तर तेही लागत नाही, आणि स्वयंपाक करताना कोरडी बोटं असतात कुणाची? चार दिवस कडक भाकरी विकत आणून शेंगाचटणीशी खाल्ली. आईनं हे शेजारी कळू दिलं नाही.

पातेलं मात्र तापतं झकास, चहा पटकन उकळतो. काल शेजारच्या अव्वा आल्या होत्या, त्यांच्यासाठी आधण ठेवलं. त्यांची नजर काठाखाली गेली. त्यांनी डोक्यावर पदर घेतला, आईचा हात हातात धरला आणि हळूच विचारलं, "कधी झालं?"