अहो, त्रिकोण कुठला ते तरी सांगा!

डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. मुलगी बारावी सायन्सला, सीईटीचा क्लास दापोलीत. सराव पेपर मोबाईलवर येतात. परवा रात्री पाऊस नुसता झोडपत होता, लाईट नेहमीप्रमाणे गेलेली आणि ही बॅटरीच्या उजेडात रडवेली होऊन बसलेली. "बाबा, माझं बरोबर आहे हो, तरी चूक दाखवतायत."

गणित असं. आमच्या वेळच्या अबक मध्येच सांगतो. कोन अ 30°. बक बाजू 6 सेमी, अक बाजू 6√3 सेमी. कोन ब किती? पर्याय चार: 45, 60, 120, 135. हिने 120 निवडलं. लाल फुली. म्हणे उत्तर 60.

साइन रूल लावा (बाजू भागिले समोरच्या कोनाचा साइन, तिन्ही बाजूंना सारखंच येतं), साइन ब येतो √3/2. साठाचा साइन √3/2, आणि एकशेवीसचाही तोच! ब साठ धरला तर तिसरा कोन 90, एकशेवीस धरला तर 30. बेरीज दोन्हीकडे 180. म्हणजे दोन्ही त्रिकोण खरे. मग एकाला दोन मार्क आणि दुसऱ्याला फुली कुठल्या न्यायाने?

मला वाटलं आपलंच काहीतरी चुकत असेल. दहावीनंतर गणिताशी संबंध आला तो हिशोबापुरता. म्हणून खराट्यातून दोन हीर उपसले. एक मोडला 10.4 सेंटिमीटरचा (6√3 म्हणजे जवळजवळ तेवढेच), दुसरा 6 चा. ओटीवर खडूने सरळ रेघ मारली, कंपासपेटीतला कोनमापक लावून लांब हीर 30° वर ठेवला. त्याच्या वरच्या टोकाला आखूड हीर टेकवला आणि दाराच्या फळीसारखा फिरवला. रेघेवर तो आधी टेकला 6 सेंटिमीटरवर, पुढे सरकवला तर पुन्हा टेकला 12 वर. दोन जागा, दोन त्रिकोण. ओटीवर, बॅटरीच्या उजेडात, डोळ्यांसमोर! आईने ओरडून विचारलं, खराट्याची वाट कोण लावतोय म्हणून. आता तिला काय सांगू, ब कोन शोधतोय?

आणि हे काही जगावेगळं नाही. साइन म्हणजे आपलीच 'ज्या', धनुष्याची दोरी. आर्यभटाने 499 साली ज्यांचा तक्ता दिला, तोच शब्द अरबीतून लॅटिनमध्ये जाता जाता 'साइनस' झाला. ज्या सांगते उंची. काठी इकडे कलली काय नि तिकडे कलली काय, उंची तीच. म्हणून साइनवरून कोन काढला की दोन उत्तरं तपासायचीच असतात. हे पोरीला कळतं आणि पेपर काढणाऱ्याला कळत नाही?

खरं म्हणजे ही खोड दहावीपासूनची. गणित सोडवा, उत्तर काढा, पण कसला त्रिकोण तयार झाला त्याकडे ढुंकून बघायचं नाही. तेव्हा एका गाइडमध्ये होतं: दीपगृह 80 मीटर उंच, जहाजाचा अवनत कोन (वरून खाली बघताना नजर आडव्या रेषेशी करते तो) 60°, तर जहाज किती दूर? उत्तर 46 मीटर. शेहेचाळीस! हर्णैच्या कनकदुर्गावर दीपगृह आहे, एकदा येऊन त्याच्याखालचे खडक बघा म्हणावं. दीपगृहापासून शेहेचाळीस मीटरवर जहाज आलं तर त्याचा कोन मोजत बसायचं की खलाशी बाहेर काढायचे?

दुसरं ते वादळात मोडलेलं झाड. शेंडा जमिनीला बरोबर 30° करून टेकतो. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आमच्या डोक्यावरून गेलं. वाडीतल्या पोफळी मुळासकट आडव्या झाल्या, एक कलम घराच्या पाख्यावर पडलं, कौलांचा चुरा. एकाही झाडाने 30° चा मान ठेवला नाही. पण ते जाऊ दे. तिथे निदान उत्तर एकच येत होतं.

काल सकाळी क्लासला फोन लावला. सर म्हणाले, "आकृतीत लघुकोनच धरायचा असतो." म्हटलं, सर, प्रश्नात आकृतीच नाहीये. म्हणाले, "ते समजून घ्यायचं असतं." आता हे समजून कसं घ्यायचं? अंगात यायला हवं का? मी म्हटलं, मग नुसतं 'कोन ब लघुकोन आहे' एवढे चार शब्द छापा, नाहीतर 120 पर्यायातून काढा. त्यावर, "बघतो हं, मी वर कळवतो." वर म्हणजे कुठे, देव जाणे. लाल फुली अजून तशीच आहे.

आज नवा पेपर आला. आकडे वेगळे, पण गणित तेच. हिने कागदसुद्धा हातात घेतला नाही, मुकाट लहान कोनावर टिक केलं.

म्हटलं, "अगो, दुसरा त्रिकोण नाही बघितलास?"

"बघितला मनात. पण त्यांना हाच हवाय ना."

हिरवी खूण आली.