कागदावर नसलेली विहीर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा जरा राग आला, दुसऱ्यांदा बराच कमी. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : भूजल दूषित झालेल्या जागेच्या आसपास विहिरींच्या परवान्यांच्या नोंदी कशा शोधायच्या, यावर मी मागे लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं, की हा निव्वळ कागदी खेळ आहे. निम्म्या विहिरींची नोंदच नसते, ज्यांची असते त्यांचा पत्ता चुकलेला. प्रदूषणाची तपासणी करणारा सल्लागार, विहिरी कुठवर शोधायच्या हे ठरवायला, नकाशावर कर्कटकाने गोल काढतो, गोलात काही आलं नाही की अहवालाच्या मागे तक्ता टाचतो आणि हात झटकतो. त्यापेक्षा तोच वेळ दारोदार फिरून पाण्याचे नमुने घेण्यात घालवावा.

आधी माझी चूक. लेखात एक वाक्य होतं : ‘शोधात विहीर आढळली नाही तर पुढच्या टप्प्याकडे जाता येतं.’ ते वाक्य मी लिहायला नको होतं. नोंद सापडली नाही याचा अर्थ फक्त ‘नोंद सापडली नाही’ एवढाच होतो. नियमाच्या चौकटीत काम करताना या दोन गोष्टींची गल्लत होते, कारण तपासणी अधिकारी ‘शोध घेतला का’ एवढंच विचारतो आणि आपल्याकडे ‘घेतला’ असं दाखवायला कागद असतो. माझ्या हातूनही हे झालंय.

जमिनीखालच्या इंधनाच्या टाकीला गळती लागलेली एक जागा होती. नोंदींची यादी मागवली, पत्त्यानुसार लावली आणि लांबच्या गावांचे पत्ते सरळ गाळून टाकले. त्यात एक विहीर गेली. अर्जावर ‘मालकाचा पत्ता’ आणि ‘विहिरीची जागा’ असे दोन वेगळे रकाने होते. मालक राहायचा दुसरीकडे, संगणकात नोंद चढवणाऱ्याने पहिला रकाना उचलला होता. विहीर होती टाकीपासून तिसऱ्या घराच्या परसात. निरीक्षण विहीर (भूजलाचे नमुने घेण्यासाठीची) खोदायला गेलेल्या सहकाऱ्याला एक उलटं घातलेलं प्लास्टिकचं पिंप दिसलं, त्याने ते उचललं, खाली सहा इंची लोखंडी केसिंग, म्हणजे वरच्या थरांतलं पाणी आणि माती आत येऊ नये म्हणून विहिरीच्या भोकात बसवलेली नळी. बागेला पाणी घालायला वापरायचे. नमुन्यात काही निघालं नाही हे आमचं नशीब, कौशल्य नव्हे.

म्हणजे तुमचा मुद्दा इथे सिद्धच झाला, असं तुम्ही म्हणाल. पण त्यानंतर काय झालं तेही ऐका. पिंप उचलून आम्हाला विहीर दिसली, ती किती खोल आहे हे दिसलं नाही. घरात भाडेकरू, त्यांना काही माहीत नाही. मग त्याच गाळलेल्या नोंदीकडे परत गेलो आणि परवान्यामागचा पूर्णता अहवाल, म्हणजे विहीर खोदून झाल्यावर भरून दिलेला कागद, काढला. खोदणाऱ्याने पेन्सिलीने लिहिलेला : वर भराव, मग पिवळी चिकणमाती, मग झिजलेला खडक, मग कठीण खडक, केसिंग कुठपर्यंत, त्याभोवतीची फट बुजवणारा सिमेंटचा ग्राउट आहे की नाही, पाणी कोणत्या खोलीला लागलं, पंप चालवल्यावर पातळी किती उतरली. आमची गळती उथळ थरात होती आणि केसिंग चिकणमातीच्या खाली खडकात बसवलेलं होतं. त्या घराला असलेला धोका कमी की जास्त, हे ठरवणारी माहिती त्या एका पिवळ्या पडलेल्या पानावर होती. दारात उभं राहून ती मिळाली नसती.

वरून पाहिलं तर सगळ्या विहिरी सारख्याच : एक पाइप, वर झाकण. फरक सगळा खाली. कॅनडातल्या वॉकर्टनचं उदाहरण यासाठी मला फार महत्त्वाचं वाटतं. मे २०००मध्ये त्या गावात पिण्याच्या पाण्यातून ई. कोलाय हा रोगकारक जिवाणू पसरला, सात माणसं गेली, दोन हजारांहून जास्त आजारी पडली. दोष निघाला पाच नंबरच्या विहिरीत. तिचं केसिंग जेमतेम ५ मीटर खोल होतं आणि पाणी येत होतं साधारण साडेपाच ते साडेसात मीटरच्या थरातून. शेजारच्या शेतातलं शेणखत पावसाबरोबर खाली उतरलं. चटका लावणारी गोष्ट ही, की १९७८मध्ये विहीर खोदली तेव्हाच, ती पृष्ठभागावरच्या प्रदूषणाला बळी पडू शकते, हे तज्ज्ञाच्या अहवालात आलं होतं. कागद होता. मंजुरी देताना त्यावर अटी घातल्या गेल्या नाहीत आणि पुढे वीस वर्षं तो उघडून पाहण्याची कुणाला गरज वाटली नाही. तुम्ही ज्याला कागदी खेळ म्हणता तो तिथे खेळला गेला नाही, ही तक्रार आहे.

आता गोलाबद्दल. भूजल एका दिशेला वाहतं, मग चहूबाजूंनी गोल कशाला, उताराकडचंच पाहा, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. पण मोठा पंप सुरू झाला की भूजलाच्या पातळीचा उतार, म्हणजेच त्याची वाहायची दिशा, बदलते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न शहराच्या जी आणि एच या सार्वजनिक विहिरी १९६४ आणि १९६७ साली खोदल्या, पाण्यात ट्रायक्लोरोइथिलीन हे कारखान्यांत वापरलं जाणारं विषारी द्रावक सापडल्यावर १९७९मध्ये बंद केल्या. विहिरी नदीच्या एका काठावर. नदी मध्ये असताना पलीकडच्या काठाखालचं पाणी इकडे कशाला येईल, असं वरवर पाहता वाटतं. १९८५-८६च्या हिवाळ्यात या विहिरी मुद्दाम महिनाभर चालवून पाहिल्या, तेव्हा त्या नदीखालून पलीकडचंही पाणी ओढतात हे दिसलं. म्हणून गोल. त्या गोलाला ‘एवढ्यातच धोका’ असा अर्थ नाही. निदान एवढं तरी पाहिल्याशिवाय बोलू नका, एवढाच त्याचा हेतू.

गोल कुठून मोजायचा यात मात्र लोक सर्रास चुकतात, आणि हे तुमच्या प्रतिक्रियेत आलं नाही याचं मला नवल वाटलं. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या नियमात अर्धा मैल हे अंतर भूजल दूषित आढळलेल्या प्रत्येक बिंदूपासून मोजायचं आहे. कारखान्याच्या फाटकापासून नाही, जागेच्या मध्यापासून नाही. दूषित पाण्याचा पट्टा लांबलचक पसरला असेल तर शोधाचं क्षेत्र गोल राहतच नाही, काकडीसारखं होतं. फाटकावर कर्कटक ठेवून काढलेला सुबक गोल दिसला की मी तो अहवाल पुन्हा पहिल्या पानापासून वाचतो.

नोंदी नसण्याचं कारणही साधं आहे. परवान्याचा कायदा येण्याआधी खोदलेल्या विहिरींचा परवाना असणार कसा? न्यू जर्सीत खोदाईला परवाना लागू लागला तो १९४७च्या कायद्याने. त्याआधीचं घर असेल तर परसातल्या विहिरीची कागदावर खूण सापडण्याची आशा कमीच. उलटंही होतं : परवाना निघाला, विहीर खोदलीच नाही. यादीत टिंब आहे, जमिनीत भोक नाही. परवाना आणि पूर्णता अहवाल हे दोन वेगळे कागद आहेत, आणि दुसरा नसेल तर पहिल्यावर विसंबू नये. तिसरा कागद बुजवल्याचा. तो नसलेली जुनी बंद विहीर मला चालू विहिरीपेक्षा जास्त त्रास देते. ट्रायक्लोरोइथिलीन पाण्यापेक्षा जड, ते तळाकडे जातं. चिकणमातीच्या थराने खालचं पाणी वाचवलेलं असतं आणि त्या थरातून कुणी पन्नास वर्षांपूर्वी पाडलेलं, ग्राउट न केलेलं भोक असेल, तर वरचं विष खाली न्यायला आयती नळी तयार. अशी विहीर वाहनतळाच्या डांबराखाली असते. तिच्या दारावर टकटक करता येत नाही.

दारोदार फिरण्याला माझा विरोध नाही, ते करायलाच हवं. फक्त फिरताना ‘तुमच्याकडे विहीर आहे का?’ हा प्रश्न पुरत नाही. लोक ‘नाही’ म्हणतात, कारण त्यांच्या दृष्टीने विहीर म्हणजे पिण्याच्या पाण्याची. मी विचारतो : बागेला पाणी कुठून देता? तळघरात एखादा जुना पंप किंवा दाबाची टाकी आहे? नळजोडणी कधी घेतली, आणि त्याआधी पाणी कुठून यायचं? या शेवटच्या प्रश्नावर म्हातारी माणसं हमखास बोलू लागतात. आणखी एक युक्ती, लेखात राहून गेलेली : पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थेकडून नळजोडणी असलेल्या घरांची यादी घ्या आणि भागातल्या सगळ्या घरांच्या यादीशी ताडून पाहा. ज्या घरात माणसं राहतात पण नळजोडणी नाही, तिथे पाणी कुठून येतं? परवाना असो वा नसो, विहीर असणारच.

नुसत्या फिरण्याचं काय होतं ते बांगलादेशात पाहता येतं. तिथे आर्सेनिक या विषासाठी लाखो नलिकाकूप (नळी उतरवून केलेल्या विहिरी) तपासले आणि जागेवरच रंगवले : लिटरला ५० मायक्रोग्रॅमच्या वर लाल, खाली हिरवा. प्रचंड काम होतं ते, आणि अनेकांनी त्यामुळे लाल विहीर सोडली. पण रंग उडतो. नवी विहीर रंगाशिवाय येते. शेजारशेजारच्या दोन विहिरींत आर्सेनिक वेगळं असतं, कारण बऱ्याचदा त्यांची खोली वेगळी, आणि रंग खोली सांगत नाही. पुढच्या तपासणीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

शेवटी तुमचं ते वाक्य, ‘पाणी तपासणं सरकारचं काम, परवाने चाळून काय होणार’. अमेरिकेतला १९७४चा पेयजल सुरक्षा कायदा किमान १५ जोडण्या किंवा २५ माणसांना नियमित पाणी देणाऱ्या व्यवस्थांना लागू होतो. चार माणसांच्या घराची स्वतःची विहीर त्यात येत नाही. तिचा नमुना घ्यायला कुणी ठरावीक दिवशी येत नाही. त्या विहिरीबद्दल सरकारदरबारी असलेला एकमेव कागद बहुतेक वेळा तो खोदाईचा परवानाच. तो मी चाळायचा नाही म्हटलं, तर त्या घरापर्यंत पोचायचा एक रस्ता आपणच बंद केला.

आणि शोधाला तारीख असते. आज गोल स्वच्छ, सहा महिन्यांनी कुणी नवा परवाना काढतो. न्यू जर्सीत दूषित पट्ट्यावर विहीरबंदीचं क्षेत्र आखलं जातं ते यासाठी, आणि ही व्यवस्था टिकून आहे का याचं प्रमाणपत्र दर दोन वर्षांनी द्यावं लागतं. तेव्हा जुना तक्ता नव्या तारखेने जोडणारे लोक मी पाहिलेत. तुमचा राग त्यांच्यावर असेल तर मी तुमच्या बाजूला आहे.

लेखातलं ते वाक्य आज खोडलं आहे. पुसलं नाही, रेघ मारून ठेवलंय, म्हणजे तुमची प्रतिक्रिया वाचणाऱ्याला संदर्भ लागेल. खाली नळजोडणीच्या यादीचा परिच्छेद वाढवला आहे. घरोघरी विचारायच्या प्रश्नांचा नमुना तुमच्याकडे असेल तर पाठवा, माझ्या प्रश्नांपेक्षा बरा असेल तर तोच टाकतो.