गोठणबिंदूखालचे कार्य

या सगळ्याच्या मुळाशी एक छायाचित्र आहे. त्यात एक नवरा आणि एक नवरी बर्फाच्या उतारावर उभी आहेत, मागे शिखरांची रांग आहे, हिम अगदी बेताने पडते आहे, नवरीचे खांदे उघडे आहेत आणि तिच्या चेहऱ्यावर थंडीचा मागमूसही नाही. माझ्या भाचीने ते मला पहिल्यांदा दाखवले तेव्हा कोणताही सभ्य मनुष्य म्हणेल तसे मी "वा, छान!" म्हणालो, आणि त्या दोन शब्दांचे व्याज गेले सात महिने फेडतो आहे. भाचीने ती संमती मानली, तिच्या आईने, म्हणजे माझ्या ताईने, ते आश्वासन मानले आणि भावोजींनी तर "म्हणजे तुम्ही बघताय ना सगळं?" असे विचारून उत्तराची वाट न पाहता फोन ठेवला. नात्याने मी मामा होतोच. त्या संध्याकाळी वाक्प्रचारानेही झालो.

मी पद्धतशीर मनुष्य असल्याची माझी घरात ख्याती आहे, आणि अशी ख्याती हे संकटाला दिलेले आमंत्रणच असते. मी दोनशे पानी वही आणली आणि तिच्यात जागा, प्रवास, निवास, जेवण, प्रकाश आणि ऊब असे सहा भाग पाडले. आज कार्याला आठ दिवस उरले असताना पहिल्या पाच भागांनी मिळून चाळीस पाने घेतली आहेत. बाकीची सगळी 'ऊब' या एका शब्दाखाली गेली आहेत, आणि ऊब अजून मिळालेली नाही.

लग्नात घासाघीस पैशांवरून होते, अशी माझी समजूत होती. आमच्याकडे ती उंचीवरून झाली. दर हजार मीटर वर गेले की हवेचे तापमान सरासरी साडेसहा अंशांनी खाली येते, हे आपण शाळेत पाठ केलेले असते. पण त्या वाक्याच्या दुसऱ्या टोकाला आपली सख्खी बहीण "अजून थोडं वर, तिथून शिखर पूर्ण दिसतं" म्हणत उभी असेल, हे शाळेत कोणी सांगत नाही. ताईला २,७०० मीटरवरचे पठार हवे होते. मी तिला समजावले की साधारण २,५०० मीटरच्या वर घाईने चढून गेलेल्या माणसांपैकी अनेकांना डोकेदुखी, मळमळ आणि निद्रानाश यांचा त्रास होतो. नवरीच्या आत्यांना हे तिन्ही त्रास समुद्रसपाटीलाही असतात, तेव्हा वर नेऊन त्यांत भर घालण्याचे धाडस कोणी करू नये. आत्यांचे नाव निघताच ताई २,४०० मीटरवर उतरली. या सबंध वाटाघाटीत भावोजींनी "दुरून डोंगर साजरे" एवढेच योगदान दिले. तेही इतक्या वेळा, की अकराव्या खेपेनंतर मी मोजणे सोडले.

जागा पाहायला मी स्वतः गेलो, आणि इथे माझी पहिली मोठी चूक झाली. मी मे महिन्यात गेलो. विश्रामगृहाच्या मागची ती प्रशस्त गच्ची सायंकाळी सहापर्यंत उन्हात न्हालेली पाहून मी वहीत 'समारंभ दुपारी ४ वाजता, सोनेरी प्रकाशात' असे लिहून खाली दोन रेघा मारल्या. तिथला राखणदार माझ्या खांद्यावरून वहीत पाहत होता.

"साहेब, डिसेंबरात इथलं ऊन पावणेतीनला जातं."

"कुठे जातं?"

"त्याच्या मागे," असे म्हणून त्याने हनुवटीनेच समोरची डोंगराची धार दाखवली.

जूनच्या आणि डिसेंबरच्या अखेरच्या दहा दिवसांतल्या मध्यान्हीच्या सूर्याच्या उंचीत जवळजवळ ४७ अंशांचा फरक पडतो, आणि दिनदर्शिकेतला सूर्यास्त हा सपाट क्षितिजासाठी छापलेला असतो, मध्ये डोंगर असलेल्यांसाठी नव्हे, एवढी गोष्ट मला समजायला हरकत नव्हती. समजली नव्हती, हे खरे. डोंगरात ऊन मावळत नाही, कोणी दिवा विझवल्यासारखे जाते, आणि त्याच्या पाठोपाठ जड झालेली गार हवा उतारांवरून पाण्यासारखी वाहत खाली येऊन नेमकी अशाच प्रशस्त, सपाट, सुरेख जागी साठते. दोन रेघा खोडून मी समारंभ सकाळी साडेअकराला आणला. त्यामुळे पाहुण्यांना सातला उठणे आले, सातला उठायचे तर एकशे ऐंशी माणसांना कढत पाणी आले, आणि पाण्याबरोबर नळ आले.

नळांचे प्रकरण सांगितलेच पाहिजे. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, आणि नळीच्या धातूला ही वाढ सोसत नाही. म्हणून कडाक्याच्या रात्री तिथे प्रत्येक नळ किंचित सोडून ठेवतात; धार बारीक असली तरी वाहते पाणी सहजासहजी गोठत नाही. आता आमचे भावोजी. या गृहस्थांनी उभ्या आयुष्यात ठिबकता नळ सहन केलेला नाही. दुसऱ्यांच्या घरी, कार्यालयात, एकदा तर इस्पितळात स्वतः रुग्ण असताना, ते मध्यरात्री उठून नळ घट्ट पिळून आलेले आहेत. त्यांना शास्त्र समजावून झाले. त्यांनी ते शांतपणे ऐकले आणि "ते ठीक आहे, पण पाणी वाया जातं," असे म्हणाले. शेवटी 'निवास' या भागात मला एका तरुण भाच्याचे नाव घालून समोर 'रात्री ११ ते पहाटे ५ – भावोजी' अशी नोंद करावी लागली. नवरीच्या बापावर पहारा बसवणारा मी पहिलाच मामा असेन.

आचाऱ्यांशी झालेली बैठक मी विसरणार नाही. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळते. २,४०० मीटरवर ते सुमारे ९२ अंशांनाच उकळ्या फोडू लागते. ऐकणाऱ्याला हा फायदा वाटतो. आचाऱ्यांनाही वाटला. "मग तर इंधन वाचलं!" असे म्हणून त्यांनी मांडीवर थाप मारली. मी सांगितले की पाणी उकळेल, पण पदार्थ शिजणार नाही. कारण पदार्थाला शिजवतात ते बुडबुडे नव्हेत, उष्णता शिजवते, आणि तुम्ही आच कितीही मोठी केलीत तरी उघड्या भांड्यातले पाणी ९२ च्या वर जाणार नाही, नुसते लवकर आटेल. त्यांच्या चेहऱ्यावर अविश्वास पाहून मी चार्ल्स डार्विनला साक्षीला बोलावले. १८३५ साली अँडीज पर्वत ओलांडताना त्याच्या सोबत्यांनी बटाटे उकडायला ठेवले. कित्येक तास ते उकळत्या पाण्यात होते, रात्रभर भांडे विस्तवावर राहिले, सकाळी पुन्हा उकळी आणली, तरी बटाटे कच्चे ते कच्चेच. डार्विनला कारण ठाऊक होते. पण सोबत्यांनी आपसांत चर्चा करून निर्णय दिला, की हे मेले भांडे नवीन आहे आणि बटाटे उकडण्याची त्याची इच्छाच नाही.

आचारी बराच वेळ विचारात पडले. मग गंभीरपणे म्हणाले, "नव्या भांड्याचं होतं असं कधीकधी."

त्यानंतर मी मोठाले प्रेशर कुकर स्वतःच ठरवून टाकले. गॅसच्या टाक्यांचा विषय मात्र त्यांनीच काढला, आणि तिथे त्यांनी मला शिकवले. टाकीतला द्रव हा ब्यूटेन आणि प्रोपेन यांचे मिश्रण असतो; त्यातला प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू व्हायला तयार असतो, पण ब्यूटेन शून्याच्या जरासे खाली गेले की द्रवरूपातच बसून राहतो. "टाकी भरलेली असते साहेब, हलवली की आत वाजते, पण शेगडी पेटत नाही," ते म्हणाले. आमच्या घरातल्या दोन कर्त्या पुरुषांचे यापेक्षा नेमके वर्णन मी ऐकलेले नाही.

मंडपवाल्यांकडे मी आकडेमोड करूनच गेलो होतो. मंडप वीस मीटर लांब, दहा मीटर रुंद. त्याच्या सपाट छतावर फक्त एक फूट ताजा, भुसभुशीत बर्फ पडला, आणि त्याचे वजन घनमीटरला शंभर किलो धरले, तरी पाहुण्यांच्या डोक्यावर सहा टन भरतात. ओला बर्फ असेल तर हा हिशेब कितीतरी पटींनी वाढतो. मंडपवाल्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि "फूटभर कशाला पडेल?" असा प्रश्न केला. छायाचित्रासाठी बर्फ पडलाच पाहिजे आणि मंडपासाठी तो पडताच कामा नये, हा पेच मी त्यांच्यापुढे प्रथमच मांडत होतो. उतरते छप्पर ठरले. मग ऊब. मंडप बंद करून आत कोळशाच्या शेगड्या ठेवाव्यात, अशी ताईची सूचना होती. बंदिस्त जागेत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला ना रंग ना वास, आणि माणूस पेंगुळल्यासारखा होऊन उठतच नाही. तेव्हा मंडप उघडा ठेवावा लागतो. उघडा ठेवला की ऊब जाते, ऊब गेली की शेगड्या वाढवाव्या लागतात, आणि शेगड्या वाढवल्या की मंडप आणखी उघडावा लागतो. या रीतीने मी कागदावर सगळ्या कनाती काढून टाकल्या तेव्हा उघड्या माळावर अठ्ठावीस शेगड्या आणि मधोमध नवरा-नवरी एवढेच उरले. अखेर ज्यांचे जळणे बाहेर होते आणि नुसती गरम हवा नळकांड्यातून आत येते, अशी यंत्रे ठरवली. त्यांना वीज लागते. विजेला जनरेटर लागतो. विरळ हवेत जनरेटरचाही दम कमी पडतो, आणि त्यातले साधे डिझेल फार गारठले की मेणासारखे धरू लागते. ती पाने मी इथे उलगडत नाही.

एव्हाना मला ऐकीव माहितीचा वीट आला होता, म्हणून मी घरच्या फ्रीजरमध्ये प्रयोग सुरू केले. आमचा फ्रीज जुना आहे; आतमध्ये बर्फाचे थर साचू न देण्याची विद्या त्याच्या जन्मानंतर आली. उणे १८ अंश म्हणजे आमच्या मुहूर्तापेक्षा अधिकच कडक परीक्षा. नवरीच्या हातातल्या गुच्छाचा नमुना मी अर्धा तास आत ठेवला. बाहेर काढला तेव्हा पाकळ्या काचेसारख्या पारदर्शक आणि अतिशय देखण्या झाल्या होत्या. दहा मिनिटांत त्या ओल्या पानांसारख्या लोंबू लागल्या आणि जेवणे होईपर्यंत काळ्या पडल्या. माझा फोन वीस मिनिटांत बंद झाला, कारण थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रियाच मंदावते. पुन्हा ऊब मिळताच तो शहाण्यासारखा उठला आणि ताईचे नऊ फोन येऊन गेल्याचे दाखवू लागला. समारंभातले माझे चार शब्दांचे भाषणही मी फ्रीजरचे दार उघडून, तोंड आत घालून म्हणून पाहिले. तिसऱ्या वाक्याला ओठ जड होतात. बायको पाणी प्यायला आली होती. ती काही न बोलता पाणी न पिताच परत गेली.

उघड्या खांद्यांचा प्रश्न मात्र फ्रीजरने सुटणारा नव्हता. आत्यांचा आग्रह लोकरी शालीचा, भाचीचा छायाचित्राचा. मी दोघींपुढे वाऱ्याचे कोष्टक ठेवले: हवा शून्य अंशांवर असली आणि वारा ताशी ३० किलोमीटरचा असला, तर उघड्या त्वचेला ते उणे सहाच्या आसपास जाणवते. आत्या म्हणाल्या, "मी तेच म्हणते आहे, फक्त आकड्याशिवाय." भाची म्हणाली, "मामा, तू माझ्या बाजूने आहेस की हवामानाच्या?" शेवटी तह झाला. शाल उतरवण्यापासून पुन्हा गुंडाळण्यापर्यंत नव्वद सेकंद. छायाचित्रकाराने बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाशी धरून ठेवायच्या, आणि बर्फ राखाडी येऊ नये म्हणून उजेडाचे माप आधीच वाढवून घ्यायचे. आत्यांनी शाल पसरून सज्ज राहायचे आणि मी घड्याळ धरायचे. दिवाणखान्यात याच्या तीन तालमी झाल्या. आत्यांची सर्वोत्तम वेळ चार सेकंद आहे. त्या वयाला ती अचाट आहे.

आणि परवा हवामानाचा अंदाज आला. आकाश निरभ्र, वारा नाही, दुपारी ११ अंश, आठवडाभर हिमवृष्टीची शक्यता नाही.

मी एकट्यानेच आनंदाने वही मिटली. अर्ध्या तासात ताईचा फोन आला, मग भाचीचा, मग छायाचित्रकाराचा, आणि प्रत्येकाच्या स्वरात असा भाव होता, की इतके सगळे ठरवताना मी नेमके बर्फाचेच सांगायला विसरलो. कृत्रिम बर्फाचे यंत्र मागवता येईल का, अशीही विचारणा झाली. पण हवा गोठणबिंदूच्या आसपास गारठल्याशिवाय तेही नुसते पाणीच उडवते. भावोजींनी मात्र "म्हणजे नळ बंद ठेवले तरी चालतील," असे समाधान व्यक्त केले.

काल रात्री सगळे निजल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. फ्रीजरच्या तिन्ही भिंतींवर सात महिन्यांचा शुभ्र, भुसभुशीत थर बसला आहे. एका नवरीच्या दोन खांद्यांपुरता, नव्वद सेकंदांसाठी, तो सहज पुरेल. मी उलथने घेऊन खरवडायला सुरुवात केली होती, डबा अर्धा भरत आला होता, एवढ्यात मागे दिवा लागला. बायको दारात उभी होती. तिने डब्याकडे पाहिले, उलथन्याकडे पाहिले आणि म्हणाली,

"झाकण घट्ट लाव. आणि वरच्या कोपऱ्यातला घेऊ नकोस, त्याला तुझ्या गुच्छाचा काळा रंग लागलाय."