दुखलं नाही म्हणे!

"मॅडम, तुम्ही उगाच ओरडताय. काकूंना तर दुखलंसुद्धा नाही."

पाच दिवस झाले, माझ्या आईबद्दल पार्लरवाल्या बाईनं म्हटलेलं हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. भाकरी थापताना आठवतं, वर्गात फळ्यावर लिहिताना आठवतं आणि हातातला खडू मोडतो. दुखलं नाही! अगं बाई, तिला दुखत नाही हाच तर तिचा आजार आहे!

आई औशाजवळ गावाकडे राहते. शुगर लागून चौदा वर्षं झाली. तिचे नेम दोनच. घट बसले की दसऱ्यापर्यंत नखाला कात्री लावायची नाही आणि कोजागरीला तुळजापूरला चालत जायचं. आयुष्यभर अनवाणी गेली. यंदा मी भांडून भांडून तिला शुगरवाल्यांची ती मऊ एमसीआरची चप्पल घेऊन दिली, तर तिनं पंधरा दिवस घरात घालून बघितली आणि "बरी हाय गं" म्हणाली. एवढ्यावर मला केवढा आनंद झाला होता! मग पाय बघितले. टाचांच्या भेगा अशा, की आत रानातली काळी माती बसलेली, कितीही वजरीनं घासली तरी न निघणारी. तुरीची धसकटं, सोयाबीनचे खुंट, सगळं त्या पायांनी तुडवलेलं. वाटलं, एकदा नीट जाणकार माणसाच्या हातून पाय साफ करून घेऊ, नखं कापून घेऊ, म्हणजे वाटेत त्रास नको. तिला पार्लरची पायरी माहीत नाही. "म्हाताऱ्या बाईला काय करायचंय पार्लर, लोक हसतील," म्हणत होती. मीच हाताला धरून नेली. मीच!

घट बसायच्या आधीचा रविवार. लातुरात त्या दिवशी कुठलंही पार्लर बघा, बायका दारापर्यंत उभ्या. बाहेर नवरात्र ऑफरचा बोर्ड, 499 रुपये. आत गेलं की 499वाला पेडिक्युअर "बेसिक" असतो, त्यात भेगांचं काही करत नाहीत, भेगांना वेगळं पॅकेज, 1,150 रुपयांचं. हे आपल्या सगळ्यांनाच माहीत आहे, त्यावर मी शब्द खर्च करत नाही.

आईला खुर्चीवर बसवलं. समोर तो बुडबुडेवाला टब. पाणी भरलेलंच होतं. मी खाली वाकून बघितलं, तर टबाच्या आतल्या जाळीला एक नख अडकलेलं. चंद्रकोरीसारखं कापलेलं, त्यावर मरून नेलपॉलिश. दुसऱ्या कुणाचं तरी नख, आणि त्या पाण्यात माझ्या आईचे भेगाळलेले पाय जाणार होते. मी म्हटलं, पाणी बदला. तर ती मुलगी म्हणते, "आत्ताच बदललंय मॅडम. टँकरचं पाणी आहे, सारखं सारखं कसं बदलणार?"

पाण्याची किंमत मला सांगते! 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी ह्याच शहरात होते. भांडी घासलेलं पाणी संडासाला, कपडे पिळलेलं पाणी झाडांना, असे महिने काढलेत. म्हणून तर म्हणते, पाणी पुरत नसेल तर टब कशाला मांडता? साधी बादली ठेवा, तांब्यानं पाय धुवा, निम्म्या पाण्यात काम होतं आणि एकाची घाण दुसऱ्याला लागत नाही. पण बादलीला 1,150 रुपये कोण देणार? बुडबुडे पाहिजेत, निळा दिवा पाहिजे, गुलाबाच्या पाकळ्या पाहिजेत. त्या जाळीमागे काय साठतं ते कुणी उघडून बघत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात 2000 साली एकाच नेल सलूनमधल्या शंभराहून जास्त गिऱ्हाइकांच्या पायांवर फोड उठले होते, महिनोन् महिने बरे न होणारे. जंतू कुठं सापडले? ह्याच असल्या टबांत. जाळीमागे केस आणि कातडीचा कचरा साचून राहिला होता. आणि ज्यांनी आधी पायांवर रेझर फिरवला होता त्यांना धोका जास्त होता. आपल्याकडे तर पेडिक्युअरच्या आधी पाय गुळगुळीत करून घ्यायची पद्धतच आहे. सांगा आता.

पाणी बदलायला लावलं मी. तोंड वाकडं करून का होईना, बदललं. तेवढ्यात काउंटरवरून हाक आली, "मॅडम, पॅकेज कोणतं लिहू?" मी गेले. पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. मेंबरशिप घ्या, सहा महिन्यांचं घ्या, आईचं घेतलं तर तुमचं निम्म्यात, हे ऐकत उभी राहिले. परत येऊन बघते तर त्या मुलीच्या हातात दाढीचं पातं बसवलेलं ते स्टीलचं हत्यार. टाच मांडीवर घेऊन ती सपासप कातडी काढत होती. टॉवेलवर खिसलेल्या खोबऱ्यासारखा ढीग. आणि टाचेच्या कडेनं लाल ओघळ, टॉवेल भिजून टबात थेंब पडतायत, पाणी गुलाबी होत चाललंय.

आणि आई समोरच्या टीव्हीकडे बघत होती. शांतपणे.

"आई!" मी ओरडले. तिनं वळून बघितलं. "काय गं?" मग माझी नजर गेली तिकडं तिची गेली. "अगं बया, रगत कशाचं?" स्वतःच्या पायाचं रक्त तिला डोळ्यांनी बघून कळलं.

त्या मुलीनं कापसाचा बोळा दाबला आणि विचारलं काय माहितीये? "काकूंना नेलपॉलिश कोणत्या रंगाचं लावू?"

मी जे बोलायचं ते बोलले. पार्लरभर ऐकू गेलं असेल, जाऊ दे. मग मालकीणबाई आतून आल्या आणि वर लिहिलेलं वाक्य म्हणाल्या. वर म्हणतात, "इतका राठ पाय असल्यावर थोडंफार होतंच." पैसे पूर्ण घेतले. आई मलाच गप्प करत होती, "राहू दे गं माय, लेकरू हाय ते, शिकायलंय."

सोमवारी सकाळी डॉक्टरांकडे. त्यांनी आईला डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनच्या बारीक दोऱ्यासारखं काहीतरी घेऊन तळव्यावर एकेका जागी टेकवलं. "लागलं की सांगा मावशी." अंगठ्याला टेकवलं, आई गप्प. चवड्याला टेकवलं, गप्प. टाचेला टेकवलं, गप्प. मग आईनं विचारलं, "लावलं का वो डाक्टर?" तोवर सहा जागा झाल्या होत्या. मी तिथंच भिंतीला टेकले. वर्षानुवर्षं शुगर राहिली की पायाच्या नसा सुन्न होतात, हे मला ऐकून माहीत होतं. पण आपल्या आईचा तळवा असा मुका झालाय, हे मी पहिल्यांदा बघितलं. खडा रुतला तर कळणार नाही, चटका बसला तर कळणार नाही, पातं लागलं तर कळणार नाही. त्यात रक्तपुरवठा कमी, जखम भरायला वेळ. शुगरवाल्यांचा पाय कापावा लागतो तो बऱ्याचदा अशाच एखाद्या फुटकळ जखमेतून. डॉक्टर म्हणाले, ह्यांचे पाय गरम पाण्यात बुडवून ठेवायचेच नाहीत, पातं तर लांबच. भेगांना युरियाचं मलम रोज, बोटांच्या बेचक्यात मात्र लावायचं नाही, ओल राहते. नखं सरळ कापायची, कोपरे खोदायचे नाहीत. रोज रात्री आरसा धरून तळवा बघायचा. एवढंच. ह्यातलं काही 1,150 रुपयांचं नाही.

माझं म्हणणं काय आहे? एक प्रश्न. पाय हातात घेण्याआधी एक प्रश्न विचारा, "शुगर आहे का?" चहा विचारता, कॉफी विचारता, पेडिक्युअर क्रिस्टल की चॉकलेट विचारता, इन्स्टावर फॉलो करता का विचारता, आणि हे विचारायला जीभ झडते? आज घराघरात एक तरी शुगरचा माणूस आहे. तुमच्या खुर्चीवर दिवसाला किती जण तसे बसत असतील, मोजा तरी.

त्या मुलीवर माझा राग नाही. एकोणीस-वीस वर्षांची असेल, तीन महिन्यांच्या कोर्सात फेशियल, वॅक्सिंग, मेकअप, पेडिक्युअर सगळं कोंबून शिकवलेलं. तिला कुणी सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं. राग आहे तो तिला पातं देणाऱ्या बाईवर. ते पातं अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत सलूनमध्ये वापरायला बंदी आहे. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात ते शंभर-दीडशेला लटकवलेलं असतं, कंगव्यांच्या शेजारी.

आणि आता तोंड उघडलंच आहे तर बाकीचंही बोलते. भावाच्या लग्नाआधी मी स्वतः पेडिक्युअर केला होता, दुसऱ्या ठिकाणी. नखाच्या मुळाशी जी पातळ कातडी असते ती चिमट्यानं ओढून ओढून कापली, "क्लीन दिसतं" म्हणाल्या. ती कातडी म्हणजे नखाच्या दाराची कडी आहे, ती काढली की जंतूंना वाट मोकळी. हळदीच्या दिवशी अंगठ्याला नखुरडं, ठणका असा की रात्रभर पाय उशीवर. अक्षतांच्या वेळी मी खुर्चीवर बसून होते आणि पाहुणे विचारत होते, नणंदबाई रुसल्या काय. त्यानंतर अजून एकीनं नखाचे कोपरे गोल खोदले, नख मांसात वाढलं. पायाचं नख महिन्याला दीड मिलीमीटरच्या आसपास वाढतं, अख्खं बदलायला वर्ष-दीड वर्ष. तेवढा काळ मी शाळेत बूट घालू शकले नाही.

तो निळ्या दिव्याचा डबा! "आमच्याकडे सगळं स्टरलाइज असतं मॅडम." मी उघडून बघितलाय तो डबा. आत कातडी कापायचे निपर एकावर एक रचलेले, दातऱ्यात पांढरी कातडी तशीच, आणि कोपऱ्यात टिकल्यांची पाकिटं. त्या दिव्याचा उजेड जिथं पडतो तिथंच काय तो परिणाम, खालच्या बाजूला आणि मळाखाली काही नाही. हत्यारं आधी घासून धुवावी लागतात, मग कुकरसारख्या यंत्रात दाबाच्या वाफेवर 121 अंशाला पंधरा-वीस मिनिटं ठेवावी लागतात. दातांचे डॉक्टर करतात ना? रक्त निघू शकतं अशी हत्यारं तुम्ही वापरता, मग तुम्ही का नाही? आणि लाकडी काडी, घासायची फाइल, ह्या तर उकळूनही भागत नाही, एका माणसाला वापरली की फेकायची. मी स्वतःची फाइल घेऊन गेले तर माझ्याकडे अशा बघतात, जसं मी हॉटेलात घरचा डबा उघडला.

पाय काळे म्हणून हिणवणं वेगळंच. "किती टॅन झालंय काकू, डी-टॅन करून घ्या." अहो, मराठवाड्यातल्या उन्हात बाईनं चाळीस वर्षं खुरपलंय, तो तिच्या कष्टाचा रंग आहे! भेग भरा, कुरूप असेल तर डॉक्टरकडे जा म्हणून सांगा, चिखल्या झाल्या असतील तर हात लावू नका. रंगाचं तुम्हाला कुणी विचारलं?

घरी तर वेगळीच तऱ्हा. भाऊ फोनवर म्हणतो, "तुला कुणी सांगितले होते हे चोचले?" हे ऐकून मला पार्लरवाल्या बाईइतकाच त्याचा राग आला. हातांना चोचले नाहीत, तोंडाला चोचले नाहीत, बाईनं पायांकडे बघितलं की मात्र चोचले. आईच्या टाचा तुला इतकी वर्षं दिसल्या नाहीत? एक मलमाची ट्यूब आणून दिलीस कधी? ज्या पायांनी तुला अंगणवाडीत सोडलं, दवाखान्यात पळत नेलं, त्यांची निगा राखणं हा चोचला नाही. मी परत राखणार, आणि राजरोस राखणार, फक्त आता पातं कुणाच्या हाती देणार नाही.

रोज संध्याकाळी ड्रेसिंगला नेते. जखम रुपयाएवढी आहे, अजून ओली आहे. डॉक्टरांनी ह्या वर्षी चालायचं नाव काढू नका म्हणून सांगितलंय. गावातल्या बायकांचा फोन आला होता, कधी निघायचं ते ठरवायला. आईनं पिशवी भरून ठेवली आहे, परडी, हळदी-कुंकू, खणाचं कापड, ती नवी चप्पल कागदात गुंडाळून वर. काल रात्री मी आरसा धरून तिचा तळवा बघत होते, तेव्हा हळूच म्हणाली, "दुखत तर काईच न्हाई गं. मग जाऊ दे की मला."